कोनफ्लॉवर: आधी मूळ, मग फूल

शिकागोच्या उपनगरांतून जुलैच्या मध्यावर पायी निघालं, की घरांसमोरच्या वाफ्यांत एक फूल हमखास दिसतं. कमरेएवढा ताठ, खरखरीत दांडा, त्याच्या टोकाला तांबूस-केशरी काटेरी घुमट आणि घुमटाच्या कडेनं खाली झुकलेल्या जांभळट गुलाबी पाकळ्या. हे कोनफ्लॉवर. शास्त्रीय नाव एकिनेशिया पर्प्युरिया. औषधाच्या दुकानात सर्दीच्या गोळ्यांच्या बाटलीवर जे एकिनेशिया लिहिलेलं असतं, ते हेच किंवा याचं भावंड.

इकडे नवं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या अंगणात हे रोप लवकरच येतं. कधी शेजारी देतात, कधी नर्सरीत रंग बघून उचललं जातं. मग गुलाबाला, मोगऱ्याला द्यायची सवय असते तशी त्याला माया मिळते: रोज पाणी, महिन्याला खत, खोदलेल्या खड्ड्यात भरपूर शेणखत. आणि झाड वाढतं, पण लवकरच आडवं पडतं. किंवा पहिल्या हिवाळ्यानंतर उगवतच नाही. याची कारणं झाड कुठून आलं त्यात आहेत, म्हणून आधी तिकडे जाऊ.

एकिनेशियाच्या साधारण नऊ जाती मानल्या जातात. सगळ्या उत्तर अमेरिकेतल्याच, तिच्या मध्य आणि पूर्व भागातल्या. या भागाचा मोठा पट्टा एके काळी प्रेअरीचा, म्हणजे उंच गवताच्या अफाट माळरानाचा होता. १८२० च्या सुमारास एकट्या इलिनॉय राज्यात जवळपास २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहारानं याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावी पोलादी फाळाचा नांगर घडवला. मुळांच्या जाळ्यानं घट्ट बांधलेली ही चिकट माती तोवर नांगराला दाद देत नव्हती, आता देऊ लागली. मग मक्यानं आणि सोयाबीननं ती गिळली. आज मूळ स्थितीतली चांगली प्रेअरी या राज्यात अडीच हजार एकरांच्या आसपास उरली आहे, तीही दफनभूमीच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत, जिथं नांगर पोचला नाही तिथं.

त्या माळावर जगायचं म्हणजे माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या गवताशी ऊन वाटून घ्यायचं, वणव्यात वरचं सगळं जळून जाऊ द्यायचं, जुलै-ऑगस्टचे कोरडे आठवडे काढायचे आणि जानेवारीत उणे वीस अंश सेल्सिअसची थंडी सोसायची. यातून टिकतं ते झाड आपली पुंजी जमिनीखाली ठेवतं. कोनफ्लॉवर पहिल्या वर्षी वर चार-सहा पानांचा झुबका दाखवतं, फूल बहुधा दाखवतच नाही. त्या वर्षी त्याचं सगळं लक्ष मुळाकडे असतं. याच्या निगेतल्या बहुतेक गोष्टी या एका सवयीतून निघतात.

एक बारकावा मात्र सांगायला हवा. उघड्या माळावरचं खरं झाड म्हणजे एकिनेशिया पॅलिडा आणि पश्चिमेकडच्या आणखी कोरड्या पठारावरचं अँगुस्टिफोलिया. या दोघांना गाजरासारखं सरळ खोल जाणारं सोटमूळ असतं. आपल्या वाफ्यातलं पर्प्युरिया मूळचं विरळ रानातलं, रानाच्या कडेचं. त्याची मुळं तंतुमय, झुबक्यानं पसरणारी. म्हणून ते थोडी सावली चालवून घेतं, बागेतली माती चालवून घेतं आणि जागा बदललेलीही चालवून घेतं. नर्सरीवाल्यांनी नेमकं हेच उचललं, यात नवल नाही. नवख्यानं सुरुवात याच्यापासूनच करावी.

बियांपासून सुरुवात करणं स्वस्त पडतं आणि झाड समजायलाही त्यासारखं दुसरं काही नाही. बी चौकोनी, मळकट पांढरं, तांदळाच्या कणीहून थोडं मोठं. ते शरद ऋतूत जमिनीवर पडतं. ऑक्टोबरमध्ये इकडे अधूनमधून छान ऊबदार दिवस येतात. त्या उबेला भुलून बी उगवलं तर डिसेंबरात कोवळं रोप मरेल. म्हणून बियांत एक अडसर असतो. ओल आणि गारवा एकत्र काही आठवडे लाभले, म्हणजे हिवाळा सरला अशी जणू खात्री पटली, की तो अडसर निघतो. पर्प्युरियाचा अडसर ढिला आहे. काही बिया थंडीशिवायही उगवतात, पण थंडी मिळाली तर जास्त उगवतात आणि एकदम उगवतात. पॅलिडा आणि अँगुस्टिफोलियाचा अडसर पक्का.

ही थंडी दोन तऱ्हांनी देता येते. घरातली तऱ्हा कुठल्याही मराठी स्वयंपाकघराला परकी नाही. मटकीला मोड आणायला ओलं फडकं घेतो तसं ओलसर, पण पाणी न ठिबकणारं फडकं किंवा कागदी रुमाल घ्यायचा, त्यात बिया पसरून गुंडाळायच्या आणि पिशवीत घालून उबेत न ठेवता फ्रिजमध्ये ठेवायच्या. पर्प्युरियाला चार आठवडे पुरतात. पॅलिडाला आठ ते बारा लागतात. पिशवीवर तारीख लिहावी, आणि घरात सांगून ठेवावं, नाहीतर फ्रिज आवरताना कुणीतरी ती टाकून देतं. नंतर बिया ट्रेमध्ये पाव इंचाहून खोल न पेरता २०-२१ अंशांच्या उबेत ठेवल्या, की दहा ते वीस दिवसांत उगवतात.

दुसरी तऱ्हा मला जास्त आवडते, कारण ती काम निसर्गावर सोपवते. दुधाचा एक गॅलनचा अर्धपारदर्शक प्लास्टिकचा कॅन घ्यायचा. मधोमध आडवा कापायचा, पण मुठीच्या बाजूला थोडा जोडलेला ठेवायचा, म्हणजे झाकणासारखा उघडता येतो. तळाला भोकं पाडायची. तीन-चार इंच ओली कुंडीची माती भरायची, बिया टाकून वरून मातीचा पातळ थर द्यायचा, कापलेली जागा चिकटपट्टीनं बंद करायची आणि वरचं टोपण काढून कॅन जानेवारीत सरळ अंगणात ठेवून द्यायचा. बर्फ पडतो, वितळतो, तोंडातून आत झिरपतो. बिया रोज रात्री गोठतात आणि दुपारी सैलावतात. एप्रिलमध्ये कॅनच्या भिंतीवर बाष्प दिसू लागलं की थोड्याच दिवसांत आत हिरवे ठिपके दिसतात. या रोपांना घरातल्या उबेतून बाहेरच्या वाऱ्याची सवय लावावी लागत नाही, ती बाहेरच जन्मलेली असतात.

रोप ओळखायला शिकलं पाहिजे, कारण पुढे वाफ्यात आपोआप पडलेल्या बियांची रोपंही येतात आणि तण समजून उपटली जातात. पहिली दोन पानं गुळगुळीत, वाटोळी, सांगण्यासारखं काही नसलेली. तिसऱ्या पानापासून खूण पटते: लांब देठ, भाल्याच्या पात्यासारखा आकार, आणि बोट फिरवलं तर मांजराच्या जिभेसारखा खरखरीतपणा.

नर्सरीतून रोप घेणार असाल तर मे महिन्याचा मध्य ही उत्तर इलिनॉयमधली योग्य वेळ. तोवर कडाक्याचं दंव पडण्याची भीती बहुतांशी गेलेली असते. सप्टेंबरची सुरुवातही चालते, मात्र जमीन गोठायच्या आधी मुळांना निदान सहा आठवडे मिळायला हवेत. फुलानं लगडलेलं रोप निवडायचा मोह होतो. त्यापेक्षा बुडाशी दोन-तीन फुटवे असलेलं, फूल नसलेलं रोप घ्यावं. केशरी, पिवळ्या, लाल रंगांच्या संकरित जाती घेतल्या तर पहिल्या उन्हाळ्यात आलेल्या कळ्या खुडून टाकाव्यात. मनाला लागतं, पण या जातींची पहिल्या हिवाळ्यात मरायची खोड आहे. कळ्यांवर जाणारं बळ मुळाला गेलं तर ती जगण्याची शक्यता वाढते.

जागा अशी हवी की दिवसाचं सहा ते आठ तास ऊन मिळेल आणि पाणी साचणार नाही. यातली दुसरी अट जास्त महत्त्वाची. थंडीनं हे झाड क्वचित मरतं. मरतं ते थंडीत ओलं राहिल्यानं. जमिनीलगत जिथून फुटवे निघतात तो भाग हिवाळाभर चिखलात राहिला की कुजतो. शिकागो परिसरात घर बांधताना वरची चांगली माती निघून जाते आणि घट्ट चिकण माती उरते. अशा मातीत खोल खड्डा खणून त्यात मऊ, खतावलेली माती भरणं हा सगळ्यांत सर्रास दिसणारा उपचार आहे, आणि नेमका तोच घातक ठरतो. भोवतालची घट्ट माती पाणी बाहेर जाऊ देत नाही, खड्डा भांडं होतो आणि मुळं त्यात उभी राहतात. त्यापेक्षा सगळ्याच वाफ्यात दोन-तीन इंच कंपोस्ट पसरून ते वरच्या मातीत मिसळावं आणि वाफा चार बोटं उंच करावा. रोप कुंडीत जितकं खोल होतं तितकंच लावायचं, बूड मातीखाली जाता कामा नये. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर. मोकळी जागा ओकीबोकी दिसते, पण तिसऱ्या वर्षी दिसत नाही.

पाणी पहिल्या वर्षी द्यायचं: पाऊस धरून आठवड्याला इंचभर, तेही एकदाच आणि खोलवर. रोज थोडं शिंपडलं तर मुळं वरच घुटमळतात, खाली उतरायचं त्यांना कारणच उरत नाही. दुसऱ्या वर्षापासून मोठा उन्हाळी ताण पडला तरच पाणी. खताबद्दल तर हात आखडताच घ्यावा. नत्र जास्त झालं की दांडे झपाट्यानं वाढतात, पोकळ आणि मऊ राहतात, आणि जुलैच्या पहिल्या वादळी पावसात लोळण घेतात. मग लोक काठ्या रोवतात. काठी रोवावी लागली, तर माती जास्त श्रीमंत झाली आहे किंवा ऊन कमी पडतंय असं समजावं. वसंतात इंचभर कंपोस्ट वरून पसरलं की वर्षाचं जेवण झालं.

आता फुलाकडे येऊ. कोनफ्लॉवर हे शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्या कुळातलं, आणि या कुळात ज्याला आपण एक फूल म्हणतो तो असतो शेकडो फुलांचा मेळा. प्रत्येक गुलाबी पाकळी हे एक स्वतंत्र फूल आहे, पण वांझ: तिला बी धरत नाही, तिचं काम फक्त दुरून बोलावणं. बी धरणारी फुलं घुमटावर दाटीनं बसलेली, प्रत्येक जेमतेम काही मिलिमीटरची. त्या प्रत्येकाशेजारी एक ताठ, टोकदार केशरी पातं उभं असतं. आपल्या डोळ्यांना आणि बोटांना जो काटेरी घुमट जाणवतो तो या पात्यांचा.

फूल उमलताना जूनच्या अखेरीस रोज पाच मिनिटं बघावं. सुरुवातीला पाकळ्या आखूड, फिकट हिरवट आणि वर उभ्या असतात, घुमट जवळजवळ सपाट असतो. नवख्याला वाटतं फूल रोगट निघालं. काही दिवसांत पाकळ्या लांबतात, रंग भरतो, त्या आडव्या होतात आणि शेवटी झुकतात. तोवर घुमट फुगत जातो. मग घुमटाच्या अगदी खालच्या कडेला परागाचं पिवळं कडं दिसतं. ती बाहेरच्या रांगेतली फुलं उघडली. ती आधी पराग देतात आणि एक-दोन दिवसांनी त्यांची दुभंगलेली कुक्षी बाहेर येते. तोवर परागाचं कडं एक रांग वर सरकलेलं असतं. असं कडं वर-वर चढत शेंड्याला पोचायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे एकाच घुमटावर खाली बी भरत असतं, मध्ये कुक्षी वाट बघत असते आणि वर अजून बंद कळ्या असतात. घुमटावर डावीकडे आणि उजवीकडे वळत जाणाऱ्या रांगा मोजल्या तर बहुधा २१, ३४, ५५ अशा फिबोनाची क्रमातल्या संख्या हाती लागतात. घरात गणिताचा कंटाळा करणारं मूल असेल तर हे काम त्याला द्यावं.

पराग आधी आणि कुक्षी नंतर, याशिवाय आणखी एक पहारा आहे. कोनफ्लॉवर स्वतःचा पराग स्वतःवर सहसा चालू देत नाही. त्यामुळे अंगणात एकच झाड असेल, किंवा एकाच झाडाचे वाटून लावलेले तुकडे असतील, आणि आसपास कुणाकडे दुसरं नसेल, तर घुमट सुकतो पण बी पोकळ निघतं. बी हवं असेल तर बियांपासून वाढवलेली निदान दोन-तीन झाडं जवळ असावीत.

पराग इकडून तिकडे नेणारे मुख्यतः भुंगे आणि लहान रानमाश्या. फुलपाखरंही बसतात, मोनार्क, स्वॅलोटेल. घुमट हे त्यांना बसायला ऐसपैस आसन आहे. म्हणूनच जाती निवडताना माझं एक स्पष्ट मत आहे. गेल्या पंचवीस वर्षांत संकरातून रंगांचा सुकाळ झाला. शिकागो बोटॅनिक गार्डनमध्ये जिम ऑल्ट यांनी ओझार्क भागातल्या पिवळ्या पाकळ्यांच्या पॅराडॉक्सा जातीचा पर्प्युरियाशी संकर करून केशरी फूल मिळवलं, तेव्हापासून हे दालन उघडलं. पुढे घुमटाच्या जागी पाकळ्यांचा गोंडा असलेल्या दुहेरी जातीही आल्या. त्या दिसायला लोभस आहेत, पण त्यांत पराग देणाऱ्या फुलांची जागा पाकळ्यांनी घेतलेली असते. डेलावेअर राज्यातल्या मौंट क्यूबा सेंटरनं अनेक जाती वर्षानुवर्षं शेजारी शेजारी लावून पाहिल्या. तिथंही एकेरी फुलांवर जेवढे कीटक आले तेवढे दुहेरींवर आले नाहीत. त्यांच्या वाफ्यांत चांगल्या टिकलेल्यांपैकी 'पिका बेला' ही गुलाबी आणि 'फ्रेग्रंट एंजल' ही पांढरी. जुनी भरवशाची 'मॅग्नस' आडव्या पाकळ्यांची आहे. तिला १९९८ मध्ये अमेरिकेतल्या बहुवर्षायू वनस्पतींच्या संघटनेनं वर्षातलं झाड म्हणून निवडलं होतं. बियांपासून रंगांची सरमिसळ हवी असेल तर 'शायेन स्पिरिट'. दुहेरी गोंडे घ्यायचेच असतील तर एखादं घ्यावं, पण सगळा वाफा त्यांचा करू नये, एवढंच.

शत्रूंमध्ये पहिला ससा. एप्रिलअखेर जमिनीतून कोवळे कोंब आले की तो रात्रीत सफाचट करतो. कोंब वीतभर होईस्तोवर कोंबडीच्या जाळीचं दोन फूट उंच कडं घालणं हा एकच खात्रीचा उपाय. जुलैत जपानी भुंगेरे येतात, तांबूस पंखांचे, झुंडीनं पाकळ्या कुरतडणारे. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात. साबणाच्या पाण्याचं भांडं फुलाखाली धरून फांदीला टिचकी मारली की पडतात. बाजारात मिळणारे गंधाचे सापळे लावू नयेत, ते शेजारच्या अंगणातलेही भुंगेरे आपल्याकडे बोलावतात. एखाद्या सकाळी फूल दांड्याला चिरा पडून उलटं लोंबताना दिसलं, तर तो सोंडे भुंगेरा. तो दांडा अर्धवट कुरतडून डोक्यात अंडी घालतो. लोंबणारी आणि खाली पडलेली डोकी गोळा करून नष्ट केली की पुढच्या वर्षीची पिढी कमी होते. फवारणीची गरज नाही, आणि भुंगे-माश्यांसाठी लावलेल्या झाडावर कीटकनाशक मारणं म्हणजे पाहुण्यांना बोलावून दार लावून घेणं.

खरी काळजी करावी अशी गोष्ट एकच: ॲस्टर यलोज. हा रोग फायटोप्लाझ्मा नावाच्या, पेशीभित्ती नसलेल्या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो. त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो तुडतुडा. हे तुडतुडे वसंतात दक्षिणेकडच्या राज्यांतून वाऱ्यावर स्वार होऊन इकडे येतात. रोग्याच्या रसात तोंड घातलेला तुडतुडा पुढे जन्मभर वाहक राहतो. झाडाच्या अन्नवाहिन्यांत शिरलेला हा जीव फूल बनवण्याच्या सूचनाच बिघडवतो. पाकळ्या हिरव्या पडतात, आखूड आणि वेड्यावाकड्या होतात, आणि घुमटातून चक्क पानांचे किंवा छोट्या फुलांचे झुबके वर निघतात. दिसायला विलक्षण, फोटो काढण्याजोगं. पण याला औषध नाही, आणि फूल कापून उपयोग नाही, कारण रोग मुळापर्यंत पोचलेला असतो. झाड मुळासकट उपटून काढायचं. ते कंपोस्टात टाकलं तरी चालतं, झाड मेलं की सूक्ष्मजीवही मरतो. कात्रीनं किंवा बियांतून तो पसरत नाही.

उपटायच्या आधी मात्र नीट बघावं, कारण अशीच दिसणारी पण निरुपद्रवी तक्रार दुसरी आहे. डोळ्यांना न दिसणारा एक अतिसूक्ष्म कोळी कळीच्या आत राहून रस शोषतो. त्यानंही घुमटावर झुबके येतात. फरक असा: कोळ्याचं काम घुमटापुरतं असतं, बाकीच्या पाकळ्यांचा गुलाबी रंग शाबूत, झाड तजेलदार, आणि एखाद-दुसऱ्याच फुलाला विकृती. ॲस्टर यलोजमध्ये हिरवेपणा सगळीकडे पसरतो, पानं पिवळटतात, झाड खुजं राहतं. कोळ्याची फुलं कापून कचऱ्यात टाकली की प्रश्न मिटतो. घाईनं चांगली झाडं उपटून टाकणारे बरेच भेटतात, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुकलेली फुलं खालच्या पानापर्यंत कापत राहिलं तर बाजूच्या फांद्यांवर नवी फुलं येत राहतात. त्यानंतर कात्री ठेवून द्यावी. काळे पडलेले घुमट हे गोल्डफिंच नावाच्या चिमुकल्या पिवळ्या पक्ष्याचं कोठार. हा पक्षी जवळजवळ पूर्णपणे बियांवर जगतो आणि इतर पक्ष्यांच्या मानानं उशिरा, भर उन्हाळ्यात, पिल्लं काढतो. घुमटावर उलटसुलट लटकून तो एकेक बी उपसतो. आपल्याला बी हवं असेल तर त्याच्या आधी काही घुमटांना कागदी पिशवी बांधावी. बी काढताना जाड हातमोजे घालावेत, ती टोकदार पाती बोटांत सहज शिरतात.

वाळलेले दांडे हिवाळाभर उभे ठेवावेत. काही ठिकाणी घरमालकांच्या संघटनेकडून 'अंगण आवरा' अशी चिठ्ठी येते. पुढच्या रांगेतले दांडे कापून आणि वाफ्याला नेटकी कड देऊन बहुधा समेट होतो. मार्चअखेर दांडे कापताना जमिनीसपाट कापू नयेत, फूट-दीड फुटाचे खुंट ठेवावेत. पोखरलेल्या जुन्या दांड्यांत काही रानमाश्या अंडी घालतात, आणि नव्या पानांत ते खुंट महिन्याभरात दिसेनासे होतात. ते राहिले की आणखी एक सोय होते: कोनफ्लॉवर उशिरा जागं होतं, रिकामी जागा समजून तिथं दुसरं काही लावायला खणलं जात नाही. चार-पाच वर्षांनी बेट मधून विरळ झालं तर वसंतात खणून तुकडे करून लावता येतं. सोटमुळाच्या पॅलिडाला मात्र असं कापू नये.

औषधाबद्दल थोडकंच. पठारावरचे लाकोटा, शायेन, पॉनी हे मूळ रहिवासी अँगुस्टिफोलियाचं मूळ दातदुखीला, घशाला, सर्पदंशावर वापरत. मूळ चावलं की जीभ खरोखर बधिर होते. १९३० च्या दशकात गेरहार्ड माडाउस या जर्मन औषधनिर्मात्यानं त्याच जातीचं म्हणून बी मिळवलं, ते निघालं पर्प्युरियाचं, आणि त्यामुळे युरोपातलं बरंचसं संशोधन आणि औषधं पर्प्युरियाची झाली. सर्दीवर त्याचा उपयोग किती, याबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. शेवंतीच्या कुळाची ॲलर्जी असलेल्यांना पुरळ उठू शकतं. अंगणातलं मूळ खणून काढा करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: आमच्याकडे येईल का? उगवेल, पानांचा झुबकाही होईल, पण फुलण्याचं गणित जुळत नाही. कोनफ्लॉवरला फुलायला साधारण तेरा ते पंधरा तासांचा दिवस मानवतो, चौदा तासांच्या आसपासचा सर्वांत जास्त. शिकागोत मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दिवस चौदा तासांहून मोठाच असतो. महाराष्ट्रात वर्षातला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास, आणि तो येतो जूनमध्ये, मृगाच्या पावसाबरोबर. म्हणजे फुलायची वेळ यावी आणि नेमकी तेव्हाच मुळं पाण्यात उभी राहावीत. शिवाय हिवाळ्यातली थंडीची विश्रांती तिथं नाही. महाबळेश्वर-पाचगणीला गारवा असला तरी तिथला पाऊस झाडाला सोसणार नाही. बी सामानातून घेऊन जाऊ नये हेही सांगतो: २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशातलं बी आणायला परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं.

तिकडे त्याच कुळातला झिनिया लावावा. एकेरी फुलांचा, उंच वाणाचा. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर जागेवरच पाव इंच खोल पेरला, फूटभर अंतरावर विरळणी केली आणि रोप वीतभर झाल्यावर शेंडा एकदा खुडला, की दोन-अडीच महिन्यांत फुलं येतात, आणि फुलपाखरं त्यावरही तितकीच हजर असतात. पाणी पानांवर न मारता बुडाशी द्यावं, नाहीतर भुरी धरते.